शाळेचं नेट सारखं जातं? आधी जाण्याची वेळ लिहून काढा

जिल्हा परिषदेच्या शाळेतून येणारा फोन बहुतेक वेळा एकाच वाक्याचा असतो: "सर, नेट परत गेलं." राउटर बंद करून चालू केला, तासभर चाललं, परत गेलं. कंपनीचा माणूस आला, तो शाळेत असेपर्यंत व्यवस्थित चाललं, तो फाट्यावर पोचतो न पोचतो तोच परत गेलं. मग कुणीतरी राउटर बदलायला सांगतं. वर्गणीतून नवा राउटर येतो आणि थोड्या दिवसांनी तोच फोन.

एकदाच बिघडलेली गोष्ट पकडणं अवघड असतं. सारखी बिघडणारी गोष्ट मात्र स्वतःचं वेळापत्रक पाळते, आणि ते वेळापत्रक सापडलं की अर्धं काम झालं. म्हणून राउटरला हात लावण्याआधी त्याच्या शेजारी भिंतीवर एक कागद चिकटवा. नेट गेलं की तारीख, वार, वेळ, लाईट होती का, पाऊस होता का आणि डब्यावरचे कोणते दिवे कसे होते, एवढं लिहायचं. दोन आठवडे पुरतात. हे काम सातवीच्या दोन मुलांकडे द्या. मोठ्यांपेक्षा नेमाने करतात. आणि आधी लिहायचं, मग रीस्टार्ट. रीस्टार्ट केल्यावर दिवे परत हिरवे होतात आणि बिघाड कुठे होता याचा पुरावा पुसला जातो.

आधी एवढं ठरवा: बिघाड शाळेच्या आत की बाहेर

वाय-फाय बाजूला ठेवा. एक लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा आणि कमांड प्रॉम्प्टवरून तीन ठिकाणी पिंग करून बघा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते तपासा. पहिलं स्वतःच्या राउटरला, म्हणजे बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ (पत्ता राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो). दुसरं ८.८.८.८ ला, हा गूगलचा पत्ता आहे. तिसरं एखाद्या वेबसाइटला, नावाने.

राउटरच उत्तर देत नसेल तर दोष खोलीतलाच: केबल, स्विच (एकाच नेटला अनेक केबली जोडणारा डबा) किंवा खुद्द राउटर. राउटर बोलतोय पण ८.८.८.८ गप्प असेल तर दोष बहुधा बाहेर, लाईनमध्ये किंवा टॉवरवर. आकड्याला उत्तर मिळतंय पण नावाला मिळत नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणारा, बसलाय. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाका, तिथेच काम संपेल. आणि तिन्हीकडून उत्तर येतंय, केबलवर सगळं सुरळीत आहे, पण मुलांच्या टॅबवर काही उघडत नाही, तर अडचण वाय-फायची. जांभ्याच्या जाड भिंतीपलीकडे किंवा पत्र्याच्या शेडमध्ये कार्यालयातला राउटर पोचत नाही, त्याला कुणाचाच इलाज नाही. त्या खोलीपर्यंत केबल ओढून तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारा डबा, लावावा लागतो. बाजारातले 'रेंज वाढवणारे' स्वस्त डबे मी शाळेला सुचवत नाही. आधीच अशक्त झालेला सिग्नल ते पुढे ढकलतात आणि निम्मा वेग मधल्यामध्ये खातात.

फायबर असेल तर ओएनटीवरचे, म्हणजे फायबरच्या डब्यावरचे, दोन दिवे ओळखीचे करून घ्या. 'पॉन' हिरवा आणि स्थिर हवा. 'एलओएस' विझलेला हवा. एलओएस लाल लागला असेल तर प्रकाशच डब्यापर्यंत येत नाही. त्या दिवशी राउटरचं काहीही करून उपयोग नाही.

आता कागदावरची वेळ वाचू.

ठराविक वारीच चालतं

हसू नका, हे खरंच घडतं. काही शाळांना नेट ग्रामपंचायतीतून येतं. भारतनेटचा, म्हणजे गावोगावी फायबर पोचवणाऱ्या सरकारी योजनेचा, ओएनटी पंचायतीच्या कार्यालयात असतो आणि तिथून केबलने किंवा वायरलेसने शाळेला जोड दिलेली असते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे, दोन-तीन गावं असतात. ते मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, कार्यालय उघडतं, मेन स्विच वर जातो. जाताना शिपाई मेन स्विच पाडून कुलूप लावतो. त्याचं बरोबरच आहे, बिल आणि आगीची भीती त्याच्या डोक्यावर असते. शाळेच्या कागदावर मात्र मंगळवार-शुक्रवार हिरवा आणि बाकी आठवडा लाल दिसतो.

उपाय तांत्रिक नाही. मेन स्विचच्या आधी, मीटरनंतर, ओएनटीसाठी वेगळी वायर आणि स्वतंत्र एमसीबी वायरमनकडून टाकून घ्यायची. ओएनटी एका बल्बपेक्षा जास्त वीज खात नाही, हे सरपंचांना लेबल दाखवून सांगा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव करून तो ग्रामपंचायतीला दिलात तर काम लवकर होतं. नुसतं तोंडी सांगितलं तर नवा शिपाई आला की पुन्हा पहिले पाढे.

रोज अकराच्या सुमारास सगळं गोगलगाय

शाळा भरली, संगणक कक्षातले दहा संगणक एकदम चालू झाले. रात्री ते बंद होते, त्यामुळे विंडोजचे साठलेले अपडेट सगळे त्याच वेळी उतरायला लागतात. प्रत्येक संगणक तोच शेकडो एमबीचा ऐवज वेगवेगळा ओढतो. विंडोजच्या अपडेट सेटिंगमध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' नावाचा भाग असतो. तिथे स्थानिक नेटवर्कवरच्या संगणकांकडून डाउनलोड घेण्याची मुभा चालू करा, म्हणजे एकाने आणलेलं बाकीच्यांना आतल्या आत मिळतं. सिमवर चालणारं नेट असेल तर जोडणी 'मीटर्ड', म्हणजे मोजक्या डेटाची, म्हणून नोंदवा आणि शनिवारी शाळा सुटल्यावर एक-एक संगणक हाताने अपडेट करा.

दुसरा चोर कुणाच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे अपलोड. शिक्षकांचे फोन शाळेच्या वाय-फायला जोडले गेले की काल रात्रीच्या लग्नातले फोटो आणि व्हिडिओ गूगल फोटोजवर चढायला लागतात. वर जाणारी वाट भरली की खाली येणारंही अडतं, कारण प्रत्येक पानाच्या मागणीला आणि पोचपावतीलाही वरच जायचं असतं. त्यामुळे वेग मोजला तर डाउनलोड 'ठीक' दिसतं आणि पान मात्र उघडत नाही. ऑनलाइन माहिती भरायची शेवटची तारीख असलेल्या दिवशी हे हटकून होतं, आणि दोष पोर्टलच्या माथी जातो. पोर्टलही काही धुतल्या तांदळासारखं नसतं, पण आधी फोन वाय-फायवरून काढून बघा. राउटरमध्ये वेगळं 'गेस्ट' नेटवर्क सुरू करून फोन त्यावर घ्या आणि त्याच्या वेगाला लगाम घाला. कार्यालयाच्या संगणकाच्या नेटवर्कचा पासवर्ड वेगळा ठेवा आणि तो कुणालाही देऊ नका, केंद्रप्रमुखांनाही नाही.

दुपारी मरतं, दुसऱ्या दिवशी सकाळी जिवंत

यात दोन शक्यता. सिमच्या राउटरमध्ये फोनचा रोजच्या डेटाचा पॅक टाकलाय का बघा. रोज दीड-दोन जीबी मिळतात, व्हिडिओचा एक तास झाला की संपतात, मग वेग नावापुरता उरतो आणि मध्यरात्री बारानंतर कोटा परत भरतो. महिन्याच्या एकत्रित डेटाचा पॅक घेतला की हा आजार बरा होतो.

दुसरी शक्यता टॉवरची. भारनियमनात गावाची लाईट गेली की टॉवर बॅटरीवर चालतो आणि बॅटरी दमली की बसतो. कागदावर 'लाईट गेली १०, नेट गेलं १' अशा जोड्या दिसल्या तर शाळेत करण्यासारखं काही नाही. दुसऱ्या कंपनीचा टॉवर वेगळ्या फीडरवर, म्हणजे वीजवाहिनीवर, असेल तर त्याचं सिम घ्या. विकत घेण्याआधी त्या कंपनीचं सिम असलेला कुणाचाही फोन शाळेच्या गच्चीवर आणि वर्गात धरून बघा. रेंजच्या काड्यांवर विसंबू नका. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) 'आरएसआरपी' नावाचा, सिग्नलच्या ताकदीचा आकडा असतो: -९० च्या आसपास चांगला, -११० च्या पलीकडे गेला की रडारड. पत्र्याखालून राउटर खिडकीत आणला तरी हा आकडा बराच सुधारतो.

लाईट असताना जातं

हा प्रकार सगळ्यात जास्त फसवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रब्बीचा हंगाम, विहिरींवरचे पंप चालू झालेले आणि शाळा वीजवाहिनीच्या शेवटच्या टोकाला. बल्ब पिवळट लागतो, पंखा फिरतो पण वारा लागत नाही. लाईट आहे, व्होल्टेज नाही. राउटर साध्या संगणकाच्या यूपीएसवर आहे, त्यामुळे सगळे निश्चिंत. कार्यालयात शांतता असेल तेव्हा त्या यूपीएसजवळ उभे राहा. टक-टक असा रिलेचा आवाज ऐकू येईल. व्होल्टेज १४०-१५० च्या खाली गेलं की यूपीएस 'वीज गेली' असं समजून बॅटरीवर जातो, थोडं वाढलं की परत येतो, पुन्हा खाली जातो. दिवसभर हे चालतं. बॅटरी भरायला वेळच मिळत नाही. तीन वर्षं जुनी बॅटरी असेल तर दुपारपर्यंत ती मान टाकते आणि यूपीएस बंद पडतो, डोक्यावर पंखा फिरत असताना. शिक्षक म्हणतात, लाईट तर आहे, म्हणजे नेटच गेलं.

आता राउटरच्या अडॅप्टरचं लेबल वाचा. बहुतेकांवर 'इनपुट १००–२४० व्होल्ट' असं छापलेलं असतं. म्हणजे १४० व्होल्टवर तो अडॅप्टर तक्रार न करता चालला असता! ज्याला संरक्षण म्हणून मध्ये बसवला तो यूपीएसच नेट पाडत होता.

इलाज असा: राउटर आणि ओएनटी मोठ्या यूपीएसवरून काढा. त्यांच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, हजार-दीड हजारात. आत लिथियमची बॅटरी असते आणि लाईट पूर्ण गेली तरी तीन-चार तास निघतात. घेताना तीन गोष्टी बघा: दोन डब्यांसाठी दोन आउटपुट, दोन्ही डब्यांच्या लेबलवरचे अँपिअर मिळून त्याला झेपतात का, आणि पिनचं अधिक-उणे जुळतं का. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट लावू नका.

व्होल्टेज उलट बाजूला, म्हणजे २७० च्या वर उड्या मारत असेल, एका खोलीत बल्ब झगझगीत आणि दुसऱ्या खोलीत मंद लागत असेल, तर न्यूट्रल सुटलेला असण्याची शक्यता मोठी. तिथे स्वतः काही करायचं नाही. मेन बंद, मुलं त्या बोर्डापासून लांब आणि वायरमनला फोन.

पावसात जातं

फायबरच्या काचेला पाण्याने काही होत नाही, सांध्याला होतं. खांबावरच्या जॉइंटच्या डबीत पाणी शिरतं, वाऱ्याने लोंबती तार हलते आणि आधीच काठावर असलेला प्रकाश काठाच्या खाली जातो. ओएनटीच्या पानावर 'आरएक्स पॉवर', म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसते; उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. ती -१८ ते -२३ असेल तर निवांत. -२७ ही साधारण हद्द. कोरड्या दिवशीच -२६ असेल तर ती जोडणी पहिल्या मोठ्या सरीला जाणार, हे आजच सांगता येतं. हा आकडा एकदा उन्हात आणि एकदा पावसात कागदावर लिहून ठेवा. तक्रार करताना याच्याइतकं धारदार हत्यार दुसरं नाही.

बाहेर बघण्याआधी कपाटामागची पिवळी पॅचकॉर्ड, म्हणजे ओएनटीला जोडलेली फायबरची बारीक तार, बघा. ती कपाट आणि भिंत यांच्यामध्ये चेपली असेल, घट्ट वळली असेल किंवा उंदराने चाखली असेल, तरी पॉवर पडते. वळण मनगटाएवढं रुंद हवं. हिरव्या कनेक्टरच्या टोकाला बोट लावू नका आणि त्यात डोळा घालून बघू नका; आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

गडगडाटाचं वेगळं. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची लॅन केबल ओढलेली असेल तर वीज जवळपास पडली की त्या केबलमधून झटका येऊन दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. प्लग काढला तरी लॅन केबल लावलेलीच असते, म्हणून दरवर्षी जूनमध्ये तोच स्विच जळतो. तीही काढायची. कायमचा उपाय हवा असेल तर इमारतींमधला तेवढा तुकडा फायबरचा करून दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारा डबा) लावा.

मे महिन्याच्या सुट्टीनंतर

जूनमध्ये शाळा उघडते, संगणक चालू होतात, नेटचं चिन्ह दिसतं, पण गूगलसुद्धा उघडत नाही. ब्राउझर म्हणतो, जोडणी सुरक्षित नाही. त्याच वाय-फायवर फोन मात्र मस्त चालतो. संगणकाच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती काही वर्षं मागे गेलेली असते. मदरबोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी, सीआर २०३२, संपलेली असते आणि संगणक महिनाभर विजेविना राहिल्यामुळे घड्याळ मूळपदावर आलेलं असतं. वेबसाइटची प्रमाणपत्रं तारखेवर तपासली जातात. संगणकाच्या मते ती अजून जारीच झालेली नसतात. तारीख हाताने दुरुस्त केली की सगळं चालू, दुसऱ्या दिवशी सकाळी परत बंद. म्हणून तर हा बिघाड 'सारखा' वाटतो. बॅटरी तालुक्याच्या घड्याळवाल्याकडे मिळते. संगणकाची वायर काढून कॅबिनेट उघडायचं आणि जुनी जशी बसली होती तशीच नवी बसवायची.

वेळापत्रकच सापडत नाही

कधी चालतं, कधी नाही, काही संगणकांवर चालतं, शेजारच्यावर नाही. इथे बहुधा कुणीतरी मदत केलेली असते. जुना राउटर 'पोर्ट कमी पडतात' म्हणून स्विचसारखा लावलेला असतो आणि तोही आपल्या परीने आयपी पत्ते वाटत सुटतो. ज्या संगणकाला त्याचा पत्ता मिळाला तो वाया गेला. त्या जुन्या राउटरचं डीएचसीपी, म्हणजे हे पत्ते वाटणं, बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता बदला आणि केबल त्याच्या वॅन पोर्टऐवजी लॅन पोर्टला लावा.

स्विचवरचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकत असतील आणि पूर्ण शाळेचं नेट गेलं असेल, तर एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये गेली आहेत का बघा. झाडताना मोकळं टोक दिसलं आणि कुणीतरी नीट खोचून ठेवलं, असं होतं. एक-एक केबल काढत जा. जी काढल्यावर दिवे शांत होतील ती धरा.

दोष बाहेरचा निघाला तर

भारतनेटची सुरुवात २०११ साली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने झाली आणि जाळं बरंचसं एका ओळीत पसरलं गेलं. तालुक्याकडून निघालेली तार गावामागून गाव जोडत जाते, त्यामुळे रस्तारुंदीच्या जेसीबीने मध्ये तोडली की पुढची सगळी गावं आंधळी. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात म्हणूनच ती गोलाकार, म्हणजे दोन्ही बाजूंनी पोचणारी, करायचं ठरलं. २०२५ च्या अर्थसंकल्पात ग्रामीण भागातल्या सर्व सरकारी माध्यमिक शाळांना याच जाळ्यातून ब्रॉडबँड देण्याची घोषणाही झाली. यू-डायस प्लसच्या, म्हणजे केंद्राच्या शाळांच्या माहितीच्या, आकड्यांत इंटरनेट असलेल्या शाळा २०२३-२४ मध्ये ५३.९ टक्के होत्या, २०२४-२५ मध्ये ६३.५ टक्के झाल्या. पण 'इंटरनेट आहे' या रकान्यात हो लिहिलेली शाळा आज सकाळी अकरा वाजता जोडलेली होती का, हे त्या रकान्याला कळत नाही. ते तुमच्या भिंतीवरच्या कागदालाच कळतं.

तोवर तास बुडू नयेत म्हणून एक जुना संगणक कामाला लावा. त्यावर कोलिब्री किंवा किविक्स ही नेटशिवाय मजकूर दाखवणारी सॉफ्टवेअर टाकली की धडे, व्हिडिओ, अख्खा मराठी विकिपीडिया शाळेच्या वाय-फायवर बाहेरच्या नेटशिवाय उघडतो. तालुक्याला चांगलं नेट असलेल्या ठिकाणी एकदा भरून आणायचं. दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवरचा मजकूरही आधी उतरवून ठेवता येतो. ऑनलाइन फॉर्म यातून भरले जात नाहीत, पण विज्ञानाचा तास होतो.

तक्रार नुसती फोनवर करू नका, लेखीही करा. आणि 'नेट चालत नाही' असं लिहू नका. असं लिहा: "आमच्या शाळेची जोडणी १ ते १४ जुलै या काळात नऊ वेळा बंद पडली. नऊपैकी आठ वेळा पाऊस चालू होता, वीजपुरवठा सुरू होता आणि ओएनटीवर एलओएस लाल होता. कोरड्या दिवशी आरएक्स पॉवर -२६, पावसात -२८ आणि त्याहून खाली. शाळेतली पॅचकॉर्ड बदलून पाहिली, फरक नाही. बाहेरचे सांधे तपासून पॉवर -२४ च्या आत आणून द्यावी." सोबत कागदाचा फोटो, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाचं काम झालं की तो गावात असतानाच आरएक्स पॉवर पुन्हा बघून त्याच्या जॉबशीटवर लिहून घ्या, मगच सही करा.